अपघाताचा इंग्रजी रिपोर्ट

मांडवगण फराट्याच्या मराठी शाळेत शिकलेला मी शिरूरजवळच्या कारखान्यात सुपरवायझर झालो, पण इंग्रजी रिपोर्ट जमेना. म्हणून एका निवृत्त मास्तरांकडे शिकवणी लावली. ते म्हणायचे, "आधी काय झालं, मग का झालं, शेवटी उपाय."

पुढं प्रेस मशीनवर राहू गावच्या एका ऑपरेटरची बोटं गेली. मशीनचं हात वाचवणारं गार्ड आधीपासूनच तुटलेलं होतं. मी तसंच स्वच्छ इंग्रजीत लिहिलं.

मॅनेजर म्हणाले, "इंग्रजी सुधारलंय तुमचं. फक्त कारण बदला. ऑपरेटरची चूक लिहा."

मी नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच दुसरा रिपोर्ट लिहिला.

दवाखान्यात ऑपरेटरनं विचारलं, "दादा, खरं लिवलं न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. माझा तो कागद कचऱ्याच्या टोपलीत गेला, हे काही तोंडातून निघालं नाही.