अप्पा आणि बाळाचा ताप

कुठलीही गोष्ट आतून कशी चालते ते कळल्याशिवाय अप्पांना चैन पडत नसे. माझे हे सासरे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर ते रत्नागिरीकडे गावी राहत. नात झाली म्हणून सासूबाईंसह भाईंदर पूर्वेला आमच्याकडे आले, आणि आठवड्याभरात लिफ्टच्या मोटरपासून समोरच्या गुजराती भाभींच्या खाकऱ्यापर्यंत सगळ्यांची चौकशी करून झाली.

दीड महिन्याच्या लशींना तेही निघाले. आरोग्य केंद्रात रांग होती, तरी त्यांनी नर्सबाईंना विचारलंच, "मांडीतच का टोचता?"

"एवढ्याशा दंडाला मांस कुठं असतं, काका?"

"आणि नंतर चोळायचं का?"

"अजिबात नाही. ताप येईल, घाबरू नका. दूध पाजत राहा. खूप चढला किंवा रडं थांबेचना, तर लगेच घेऊन या."

संध्याकाळी बाळ तापलं. मांडी लाल होऊन सुजली. भाभी म्हणाल्या, "गरम सेक दो." सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. अप्पांनी ती बाजूला ठेवली. "थांब गो. चोळू नका म्हणालीय ती." मग ओल्या फडक्याची गार घडी त्यांनी मांडीवर अलगद धरली. केंद्रातून दिलेलं तापाचं औषध नर्सबाईंनी सांगितलं होतं तेवढंच मी पाजलं.

"त्रास होतोय तिला," मी म्हणाले.

"होतोय खरा. पण आत काय चाललं असेल, नाही?" अप्पा तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मी मात्र धसका घेतला होता. पुढच्या डोसची वेळ आली तेव्हा म्हणाले, "मी नाही नेणार तिला."

अप्पांनी बाळाला मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "माझी धाकटी बहीण घटसर्पानं गेली. श्वास घेता येईना तिला. घशात काय झालंय, असं मी आईला विचारत होतो. तिला काय सांगता येणार? तुझं लेकरू आहे, तूच ठरव. मी जबरदस्ती करणार नाही."

आम्ही गेलो. टोचून झाल्यावर अप्पांनी विचारलं, "यातली घटसर्पाची कुठली?"

नर्सबाईंनी रिकामी बाटली दाखवली. "पाच रोगांची एकत्रच असते, काका. त्यातच तीही आली."

अप्पांनी ती उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली. "एवढीशी," म्हणाले आणि परत दिली. त्यांचे डोळे भरून आले होते.

परतताना रिक्षात त्यांनी मला बहिणीचं नाव सांगितलं. सुमन. सासूबाईंनाही ते ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी अप्पा गेले. आता ते नाव या घरात मला एकटीलाच माहीत आहे. लेक थोडी मोठी झाली की तिला सांगेन.