सायकल हातात धरून

ऑफिसात त्यांना बिनचूक म्हणत. तोंडावर बिनचूकराव, पाठीमागे नुसतं बिनचूक. ही पदवी त्यांना मनातून आवडायची, फक्त ते तसं कबूल करत नसत. नगरपालिकेच्या रस्ते विभागात ते मोजणीदार होते. म्हणजे एखाद्या नाक्यावर घडीचं स्टूल टाकून बसायचं, मांडीवर लाकडी पाटी, पाटीला चिमट्यानं अडकवलेला फॉर्म, आणि समोरून जाईल त्याची एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. बत्तीस वर्षं हेच. बाकीचे मोजणीदार दहा वाजता चहाला उठत आणि परत येऊन अंदाजानं पंधरा-वीस रेघा ओढून मोकळे होत. बिनचूकराव डबासुद्धा एका हातानं खात, डोळे रस्त्यावर. अशा माणसाशी जमवून घेणं सोपं नसतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं फारसं कुणाशी पटायचंही नाही.

पटायचं ते एका धाकटीशी. ही त्यांची पाठची बहीण. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, धाकटीचा नवरा त्याच्याही आधी गेला होता, आणि आता दोघं भावंडं दोन खोल्यांत राहत होती. मधलं दार फुगून बसलं होतं, ते कधी लागायचंच नाही. त्यामुळे हे बाहेरच्या पलंगावर आणि ती आतल्या, अशा पडल्या पडल्या त्यांच्या गप्पा चालत. गप्पा कसल्या, ती बोलायची आणि हे हुंकार भरायचे.

धाकटी नदीपलीकडच्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होती. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे उकळत्या पाण्यातून काढायचे, पिळायचे आणि इस्त्रीच्या गरम रुळाखालून सरकवायचे. पाळी सातला लागायची, म्हणून ती सव्वासहाला सायकल काढायची. नदीवर एकच पूल होता आणि तो बांधणाऱ्यांच्या डोक्यात फक्त गाड्या असाव्यात, कारण पायी चालणाऱ्यासाठी त्यावर वीतभरही जागा सोडलेली नव्हती. भर म्हणून दर थोड्या अंतरावर दोन तुकड्यांच्या सांध्यात लोखंडी पट्ट्या उचकटलेल्या होत्या. त्यात सायकलचं चाक अडकलं की माणूस थेट मागच्या ट्रकच्या पुढ्यात. म्हणून पूल लागला की धुलाईखान्याच्या सगळ्या बायका खाली उतरत, सायकल हातात धरत आणि कठड्याला खेटून एकामागे एक पलीकडे जात. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

त्या वर्षी वरून पैसा आला. गावात पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठी सुरक्षित रस्ते करायचं ठरलं. पैसा एकाच रस्त्याला पुरेल इतका होता आणि नावं दोन निघाली. एक हा पूल, त्याच्या बाजूला लोखंडी पायवाट जोडायची. दुसरा तळ्याकाठचा रस्ता, जिथं लोक सकाळी पोट कमी करायला फिरतात. माणसं जिथं जास्त तिथं आधी, असा नियम. म्हणजे सगळं येऊन ठेपलं मोजणीवर, आणि मोजणी म्हटल्यावर बिनचूकरावांवर.

पुलावरच्या मोजणीच्या दिवशी ते पावणेसहालाच जाऊन बसले. फॉर्मला दोन रकाने होते, पादचारी आणि सायकलस्वार, आणि खाली बारीक अक्षरात खुलासा: सायकलस्वार म्हणजे सीटवर बसून सायकल चालवणारी व्यक्ती. पादचारी म्हणजे सोबत कोणतेही वाहन नसलेली व्यक्ती. ते बारीक अक्षर बाकी कुणी वाचलं नसेल, यांनी दोनदा वाचलं. पहिला दूधवाला आला, उतरला, सायकल ढकलत पुढे गेला. बिनचूकरावांची पेन्सिल वर गेली आणि तिथंच थांबली. सीटवर नाही, म्हणजे सायकलस्वार नाही. सोबत वाहन आहे, म्हणजे पादचारी नाही. त्यांच्या पहिल्या साहेबांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच त्यांना बजावलं होतं, "नियमात बसत नाही ते मोजायचं नाही. एकदा अंदाज करायला लागलास की तुझ्या कागदाला काडीची किंमत राहत नाही." त्यांनी पेन्सिल खाली घेतली.

साडेसहाच्या सुमाराला धाकटी आली. तिच्या मागे धुलाईखान्याच्या बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात सायकल.

"दादा, अरे डोक्याला रुमाल तरी बांध. ऊन लागेल," ती म्हणाली.

"तू बघून चाल. आणि सीटवर बसून गेलीस तर कागदावर येशील," ते थट्टेनं म्हणाले.

मागची एक इस्त्रीवाली हसून म्हणाली, "इथं सीटवर बसले तर तुमच्या नाही, यमाच्या कागदावर येईन." सगळ्या खिदळत पुढे गेल्या. बिनचूकरावही हसले. रेघ मात्र त्यांनी एकीचीही मारली नाही.

दोन महिन्यांनी गावभर पत्रकं वाटली गेली. तळ्याकाठचा रस्ता मंजूर, पुलाचा प्रस्ताव नामंजूर. खाली आकडे दिले होते. तळं, चारशेच्या वर. पूल, पादचारी एकवीस, सायकलस्वार नऊ. धाकटी ते पत्रक घेऊन कामावरून आली ती चप्पलही न काढता त्यांच्या समोर उभी राहिली.

"नऊ? अरे, आमच्या एका पाळीच्याच तीस जणी आहोत आम्ही. गेलो कुठं सगळ्या?"

त्यांनी फॉर्मचा खुलासा तिला समजावून सांगितला. एखाद्या लहान मुलाला सांगावं तसा, शांतपणे. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच ऐकू आलं आणि आवाज बसत गेला.  धाकटीनं ताटं घेतली, वाढलं, आणि जेवताना एवढंच म्हणाली, "भीतीनं उतरतो रे आम्ही. हौस म्हणून नाही." 

दुसऱ्या दिवशी ते इंजिनीअर मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. मॅडम वयानं त्यांच्या मुलीसारख्या, पण कामाला पक्क्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही काहीच चुकीचं केलेलं नाही. फॉर्मच चुकीचा होता."

"फॉर्मला काय कळतंय, मॅडम? मला माहीत होतं ना. माझी बहीण रोज तिथून जाते."

"मग तेव्हाच मला फोन का नाही केलात?"

 फोन करायचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. उलट नियम तंतोतंत पाळला, म्हणून त्या दिवशी ते जरा खुशीतच घरी आले होते. बत्तीस वर्षं बिनचूक मोजत आलेला हा माणूस, आणि त्याच्या अभिमानानंच त्याचा घात केला. मला त्यांचा रागही येतो आणि दयाही येते, आणि दोन्हीतलं कुठलं जास्त ते मला आजही ठरवता येत नाही.

मॅडमनी त्यांच्याकडून लेखी घेतलं. 'माझी मोजणी अपुरी आहे' हे चार शब्द लिहायला त्यांना अर्धा तास लागला. कागद वर गेला. यंदा काही होणार नाही असं उत्तर आलं, पण पुढच्या वर्षी थोडा पैसा येणार होता, तेव्हा पूल पुन्हा मोजायचा असं ठरलं. आणि फॉर्मला तिसरा रकाना जोडला गेला: सायकल हातात धरून चालणारे. बिनचूकराव घरी आले ते पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगायला लागले. धाकटी म्हणाली, "चला, एक वर्ष काय, असं जाईल."

ते वर्ष तसं गेलं नाही. चार महिन्यांनी एका सकाळी ट्रकच्या मागच्या फाळक्यात तिच्या सायकलची मूठ अडकली. ती कठड्याला घासत पंधरा-वीस पावलं फरपटत गेली. जीव वाचला, पण खुबा मोडला. तिला तिच्याच हॉस्पिटलात नेलं. बिनचूकराव धावत पोचले तेव्हा ती पांढरीफटक पडली होती आणि अंगाखालच्या चादरीचा कोपरा बोटांनी चाचपत होती. "आमच्याकडचीच आहे. बघ, कडेची इस्त्री नीट झालेली नाही," ती म्हणाली. ते बाहेर व्हरांड्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. आपल्या हातून हे झालं, असं त्यांना वाटत होतं, आणि तसं नाही म्हणून सांगणारं त्यांच्याजवळ कुणी नव्हतं.

धाकटी पुन्हा कामावर जाऊ शकली नाही. घरात ती भिंत धरून चालायची. इकडे बाकीच्या बायकांनीही धसका घेतला. कुणाला नवऱ्यानं बंदी केली, कुणी मुलांकडे बघून काम सोडलं, सात-आठ जणी मिळून भाड्याच्या गाडीनं जायला लागल्या आणि अर्धा पगार त्यातच घालवायला लागल्या. हे सगळं धाकटीच्या कानावर यायचं आणि तिच्याकडून दादाच्या. ते हुंकार भरायचेही थांबले.

फेरमोजणीचा दिवस आला तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन आठवडे उरले होते. ते पुलावर बसले. मांडीवर नवा फॉर्म, नवा कोरा रकाना. सहा वाजले, साडेसहा वाजले. ट्रक गेले, बस गेल्या, बायकांची भाड्याची गाडी खचाखच भरून गेली. दुपारी बाराला मोजणी संपली तेव्हा तिसऱ्या रकान्यात चारच रेघा होत्या, धुलाईखान्याच्या उरलेल्या चौघींच्या. दूधवालाही आता गाडीवर यायला लागला होता.

रेघा ओढायला किती वेळ लागतो? तीस रेघा म्हणजे पाच-पाचच्या सहा जुड्या, अर्ध्या मिनिटाचं काम. कोण तपासणार होतं? आणि खोटंही कसं म्हणावं, त्या बायका होत्याच की. कोण कोणामागे चालायची तेसुद्धा त्यांना पाठ होतं. त्यांनी पेन्सिल टेकवली, पण हात पुढे सरकेना. शेवटी तो कागद तसाच घेऊन ते घरी गेले.

"तीस लिहू?" त्यांनी धाकटीला विचारलं. असला प्रश्न त्यांनी जन्मात कुणाला विचारला नव्हता.

ती बराच वेळ दुखऱ्या पायावर हात फिरवत बसली. मग म्हणाली, "मला विचारू नकोस, दादा. मी लिही म्हणाले तर तू लिहिशील, आणि मग झोप लागणार नाही तुला. नको म्हणाले तर मला लागणार नाही."

ते परत ऑफिसात गेले आणि चार रेघांचाच कागद दिला. मॅडमनी तो पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि तो वर पाठवायच्या गठ्ठ्यात ठेवला. वरून उत्तर यायला आठच दिवस लागले. पूल: वापर नगण्य, मागणी नाही, प्रस्ताव यादीतून वगळण्यात येत आहे. आधारासाठी जोडलेल्या कागदावर त्यांची सुबक सही होती.

त्या चौघींना सांगायला हवं होतं. ते काही त्यांचं काम नव्हतं, तरी नोकरीच्या शेवटच्या दिवशी सकाळी ते स्टुलाशिवाय, पाटीशिवाय पुलाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. साडेसहाला ती इस्त्रीवाली आली, एकटीच. बाकीच्या तिघींची त्या दिवशी सुट्टी होती. पूल लागताच ती उतरली. बिनचूकरावांनी तिच्या हातातली सायकल घेतली आणि ट्रकच्या बाजूनं स्वतः चालायला लागले. ती आतून, कठड्याच्या बाजूनं.

"धाकटी सांगत होती, या खेपेला आम्हाला मोजणीत धरलंत म्हणून," ती चालता चालता म्हणाली. "तेवढ्यावरच टिकून आहे बघा मी. घरचे रोज म्हणतात, सोड. मी म्हणते, थांबा जरा, पायवाट होईल."

निम्मा पूल संपला. शेजारून एक ट्रक गेला आणि दोघंही कठड्याला चिकटले. तो गेल्यावर ते म्हणाले, "पायवाट होणार नाही. यादीतून नाव काढलं. चारच भरल्या मोजणीत."

 पलीकडचं टोक आलं. तिथं तिनं त्यांच्याकडून सायकल घेतली आणि हातानं सीट पुसली.

"चौघीच तर होतो," ती म्हणाली. "मग बरोबरच आहे तुमचं." आणि पाळीला उशीर होत होता म्हणून पायडल मारून निघून गेली.