खिडकी

चाकणला आमच्या शेजारच्या शेडमध्ये कोळंबीच्या तळ्यात हवा खेळवणारी यंत्रं बनतात. तिथल्या फिटरचं नाव मला अजून माहीत नाही. प्रत्येक यंत्र तो टाकीच्या पाण्यात चालवायचा, डोळे मिटून आवाज ऐकायचा. जरा खरखर आली की पुन्हा खोलायचा.

एकदा ती यंत्रं न्यायला आलेल्या टेम्पोत माझाही माल जायचा होता. टेम्पो इंजिन चालू ठेवून दारात उभा, आणि हा शेवटचं यंत्र पुन्हा खोलून बसलेला. मी वैतागलो, "चला ना भाऊ! शेवटी खायच्याच कोळंब्या ना त्या?"

"व्हय, खायच्याच," पाना खाली न ठेवता तो म्हणाला. "पण तवर जगायचं हाय त्यास्नी. आपला पंखा बंद पडला तर आपण खिडकी उघडतो. हे बंद पडलं तर त्यांनी काय उघडायचं?"

मी टेम्पोवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं.