घुमली ती पेटी, मी नव्हे

आमच्या घरात देवी एकदाच अंगात आली, आणि ती बिजलीवर चालत होती.

अंग माझं होतं. बिजली नागपूरची. आणि सगळ्याच्या मुळाशी होती माझी धाकटी जाऊ शांता. (मुळाशी खरं तर मीच होते, पण ते शेवटी येईल. आधीच कबूल केलं तर लिहिण्यात काय मजा?)

शांता सातवी पास होऊन या घरात आली. मी चौथी. तेवढ्यानं काही बिघडलं नसतं. माझा वरणभात तिच्यापेक्षा मऊ होतो हे तीसुद्धा मान्य करते. पण माझे धाकटे दीर रेल्वेत. ते एकदा कलकत्त्याला गेले आणि येताना बायकोसाठी गिटार घेऊन आले. आमच्या महाल भागातल्या गल्लीत तोवर कुणी गिटार पाहिलेली नव्हती. ती मांडीवर आडवी ठेवायची, तान्ह्या पोराला झोपवतात तशी. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या, आणि डाव्या हातातली लोखंडी कांडी वरून सरकवायची. मग ती "आंऽऽऊंऽऽ" असं रडायची. माझी चार पोरं याहून चांगलं रडलेली आहेत, आणि तेव्हा कुणी "वा वा" म्हणालेलं मला आठवत नाही!

गिटारीबरोबर एक काळी पेटी होती. गिटारीतून एक लांब तार निघायची ती पेटीत जायची, आणि पेटीची दुसरी तार भिंतीतल्या बिजलीला. मग गिटार पेटीतून मोठ्यानं वाजायची. थेट वडाच्या पारापर्यंत ऐकू जायचं. पारावर बसलेले लोक माझ्या नवऱ्याला विचारायचे, "काय गा, आज धाकट्या सूनबाईनं नवी चाल बसवली काय?" ते घरी येऊन मला सांगायचे. मी भांडी घासत असायचे. भांड्यांचाही आवाज पारापर्यंत जात असेलच, पण त्याची चौकशी कुणी केली नाही.

एकदा पेटी चालू असताना मी गिटारीतून काढून ठेवलेल्या तारेचं सुटं टोक उचललं. करंगळीच्या पेराएवढं पितळी टोक. बोट लागलं मात्र, पेटी ओरडली, "घुंऽऽईंऽऽ!" मी तार टाकून स्वयंपाकघरात पळाले.

भाऊजी हसत मागे आले. "वहिनी, भिऊ नका. शॉक नाही बसत त्यानं."

"मग बोंबलली काहून?"

"भिंतीतल्या तारांतून बिजली वाहून राहिली नं? तिची घुमघुम सगळीकडे पसरलेली असते. आपल्याले ऐकू येत नाही, पण आपल्या अंगात ती थोडी थोडी येतच असते. रेडिओच्या एरियलसारखं आहे आपलं अंग. तुम्ही उघडं टोक धरलं, की अंगातली घुमघुम तारेतून पेटीत जाते, आणि पेटी तिले हजारपट मोठी करते. गिटारीत खुपसलं असलं की टोक झाकलेलं राहते, म्हणून तेव्हा गुमान असते. समजलं?"

"समजलं," मी म्हटलं. मला एवढंच समजलं, की अंगात येते आणि पेटी घुमते.

आता चैत्रगौरीचं सांगते. आमच्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू म्हणजे चाळीस-पन्नास बायका. बायकांना हाताला धरून आणायचं, गौरीसमोर बसवायचं, पहिलं कुंकू लावायचं, हा मोठ्या सुनेचा मान. सात वर्षं तो माझा होता. मला चारचौघींत बोलता येत नाही, तोंड उघडलं की जीभ टाळूला चिकटते. पण कुंकू लावायला जीभ लागत नाही. वर्षातून तो एकच दिवस असा, की बायका माझ्याकडे मान वर करून बघायच्या.

त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "औंदा शांता गौरीपुढं बसून गिटार वाजवंल. बायकाले तीच कुंकू लावंल, तिले बोलता येते. मोठे, तू आतून डाळ आन् पन्हं पाहाजो."

"हो, आत्याबाई," मी म्हटलं. आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली भांडी जरा जोरात आपटू लागली.

हळदीकुंकवाच्या दुपारी ऊन असं, की वाळ्याच्या ताटीवर मारलेलं पाणी जमिनीला पोचत नव्हतं. मी पहाटेपासून पाच शेर डाळ वाटलेली. कैऱ्या किसून बोटांची सालं निघालेली. आणि शांता? शांता जांभळं लुगडं नेसून, नख्या घालून, गौरीच्या झोपाळ्यापाशी पाटावर! तिनं काळ्या पेटीवर स्वतः भरलेला रुमाल टाकला होता, वर मोगऱ्याचा गजरा. पेटी दिसत नव्हती, नवरीची करवली बसल्यासारखी वाटत होती.

तिनं तीन भजनं वाजवली. बायका डोलल्या. शेजारच्या मथुराबाईंनी तर डोळे पुसले. (या मथुराबाई सासरे गेले तेव्हासुद्धा आमच्याकडे कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या!) वाजवून झाल्यावर शांतानं गिटारीतून तार काढली आणि कुंकवाची कोयरी घेऊन उठली. पेटी बंद करायची ती विसरली. मी पन्ह्याचे पेले घेऊन तेव्हाच बाहेर आले.

"मोठे, ते तार गोळा कर वं, कोणाच्या पायात येईन," सासूबाई म्हणाल्या.

मी खांबाला टेकून, पेटीकडे पाठ करून बसले आणि तार गोळा करू लागले. समोर बायका शांताभोवती जमलेल्या.

"काय बोटं आहेत वं पोरीची!"

"गुणाची आहे. असं नक्षत्र सापडाले भाग्य लागते."

"मोठीपण चांगली आहे हो," एक म्हातारी म्हणाली. मी कान टवकारले. "डाळ बरी वाटते. मीठ थोडं जास्त होते, पण वाटते बारीक."

तारेचं टोक माझ्या हातात होतं. पेटी चालू आहे हे मला ठाऊक होतं. बसतानाच रुमालाखालून तिचा लाल दिवा मी पाहिला होता. खोटं कशाला लिहू? मी पदराआड हात घेतला आणि बोट लावलं.

"घुंऽऽईंऽऽ!"

पन्नास माना माझ्याकडे. मला वाटलं होतं शांताकडे बघतील, "हे काय तुझं यंत्र बिघडलं" म्हणतील. पण गिटार तर पाटावर निपचित पडलेली, तार काढलेली. पेटी रुमालाखाली, माझ्या पाठीमागे. आवाज माझ्याकडून येत होता! घाबरून माझं अंग थरथरू लागलं. थरथरल्यानं अंबाडा सुटला. केस मोकळे, कपाळावर घाम, चुलीपाशी बसून डोळे लाल.

"अगं बाई!" मथुराबाई ओरडल्या. "मोठी घुमून राहिली! मोठीच्या अंगात आली!"

मी "नाही नाही" म्हणायला तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. आणि हात दचकला, तो पुन्हा टोकावर. "घुंऽऽईंऽऽ!"

झालं! कुणी माझ्या कपाळावर मळवट भरला, कुणी ओटीत नारळ टाकला. शांताच्या पेटीवरचा गजरा माझ्या केसांत आला. (तेव्हाही कुणी रुमाल उचलला नाही. नशीब म्हणतात ते हेच.) आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. सात वर्षं कुंकू लावलं, पण असं एकाग्र होऊन माझ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं. आता सांगून टाकावं असं एकदा मनात आलं. पुढच्या वेळी सांगू म्हटलं.

मथुराबाई हात जोडून पुढे सरकल्या. "आई, माह्या जावयाची बदली नागपूरले होईन काय?"

बोट. "घुंईं."

"झाली! झाली म्हणते आई!"

"आई, माही नथ हरवली. घरातच आहे काय वं?"

"घुंईं."

नथवाली तशीच उठून घरी पळाली. पन्हंसुद्धा न पिता!

मग शांता आली. जांभळ्या लुगड्याचा पदर सावरत माझ्यापुढे वाकली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. सातवी पास डोकं, चौथी पास पायांवर! त्या वेळचं घुंईं मी जरा लांबवलं. उगाच लांबवलं. देवीलाही थोडी हौस असते.

शांता अजून वाकलेलीच होती, तोच सासूबाई समोर येऊन बसल्या. त्यांनी पदर पसरला. माझ्यापुढे! एरवी त्या मला लोणच्याच्या बरणीलाही हात लावू देत नाहीत.

"आई," त्या म्हणाल्या, "माह्या घरात दोन सुना. दोघीले सारखंच पाहिलं मी. पण महिना झाला, कोणीतरी भांडे आपटून राहिलं. ताटाले पोचा, गंजाले पोचा. कोणाच्या तरी पोटात जळून राहिलं. आता तूच खरं सांग आई. धाकटी काय?"

बघा देवाची करणी! माझ्या बोटाखाली टोक, टोकाखाली माझी सगळी इच्छा. एक घुंईं केलं की पुढच्या वर्षी कोयरी पुन्हा माझ्या हातात. पण शांताचं डोकं माझ्या पायांवर होतं. तिच्या भांगातलं तेल माझ्या अंगठ्याला लागत होतं, आणि ती बारीक आवाजात म्हणत होती, "नाही वं आई, मी नाही आपटत." मी बोट उचललं. पेटी गप्प.

सासूबाईंनी मान हलवली. मग अगदी हळू विचारलं, "मंग मोठी काय?"

चोराच्या मनात चांदणं! गप्प बसायचं एवढंच काम होतं. पण ऐकताच माझी मूठ आपोआप आवळली, अख्खी, टोकासकट.

"घुंऽऽऽऽईंऽऽऽऽईंऽऽऽऽ!"

गौरीचा झोपाळा हलला इतका आवाज! बाहेरच्या खोलीतून भाऊजी धावत आले. "शांते! पेटी बंद नाही केली काय? आन् टोक कोण धरून बसलं?"

त्यांनी रुमाल उचलला, खटका फिरवला. देवी गेली. एका क्षणात गेली. मी मात्र तिथेच होते, मळवट भरलेली, ओटीत सात नारळ, आणि पदराखालून लोंबणारी तार.

कुणीतरी फिसकन हसलं. मग पन्नास जणी हसल्या. मथुराबाईंनी पुन्हा डोळे पुसले, या वेळी हसून. मी सासूबाईंकडे बघितलं नाही. पण त्यांनी माझ्या ओटीतला एकेक नारळ काढून घेतला आणि म्हणाल्या, "यंत्र असो नाहीतर देवी, बोलली खरंच वं."

त्या दिवसापासून मी भांडी हळू ठेवते. मथुराबाईंचा जावई अजून तिथेच आहे. नथ मात्र सापडली, तिखटाच्या डब्यात. तेव्हा मी अगदीच खोटी देवी नव्हते.

आणि पुढच्या चैत्रात काय व्हावं? शांतानं पाटावर बसून नवी चाल सुरू केली, तर पहिल्याच ओळीला मथुराबाई म्हणाल्या, "ते राहू दे वं. मोठीले बोलव, एकदा घुमू दे तिले!" शांताचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी भांडी ती आपटत होती. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. कोणत्याही भजनापेक्षा गोड वाजत होती.

तिला बिचारीला एक चाल बसवायला महिना लागतो. मला सूर एकच येतो, पण त्याला सराव लागत नाही. नुसतं जळायचं, आणि बोट लावायचं!