धारातीर्थी

रशियातल्या काझानच्या मशिदीपाशी एक तातार आजी काहीतरी पुटपुटत होत्या. "त्याच्याच ओळी म्हणताहेत," वाटाड्या म्हणाला. तो म्हणजे इथला सोळाव्या शतकातला इमाम, कवी आणि मुत्सद्दी. रशियन झारच्या फौजेपासून शहर राखताना शिष्यांसह लढत मेलेला.

आमच्या मराठी ज्ञानकोशात त्याची नोंद मीच लिहिली होती: 'धारातीर्थी पडला.' संपादक हसले. "अहो, मुल्ला कसला धारातीर्थी पडतोय? 'मारला गेला' करा." मी निमूट केलं.

मरण तेच, आणि शब्द मात्र आपला-परका बघून वाटायचा! संताप येतो. संपादकांचा येतोच, पण जास्त माझा. खोडणारा हात माझाच होता ना!

"तुमच्याकडे यांना ओळखतात?" आजींनी वाटाड्याकरवी विचारलं.

"ओळखतात. पण त्यांचं मरण आम्ही हलकं करून छापलं," मी म्हणालो. मग म्हणालो, "आम्ही नाही. मी."