उतारावरची जीप
डिझेलचा धूर नाकात गेला की नामांतराच्या दंगलीतली ती दुपार आठवते. मी पोलीस ठाण्याच्या जीपचा ड्रायव्हर होतो. नवी बॅटरी मागून वर्ष झालं तरी मिळाली नव्हती, म्हणून जीप कायम उतारावर लावायचो, घरंगळली की सुरू व्हायची. त्या दिवशी मात्र साहेबांची तपासणी म्हणून ती धुवायला खाली सपाटीवर घेतली, अन् तेवढ्यात दलित वस्तीतला एक माणूस जिंतूरच्या रस्त्यानं अनवाणी धावत आला. "साहेब, घरं पेटवायलेत, चला लौकर!" जीप काही सुरू होईना. मी स्टिअरिंगवर, अन् मागून तोच धापा टाकत ढकलत होता, "माझी लेकरं हायत तिथं!" आम्ही पोचलो तेव्हा लेकरं ज्वारीत लपलेली सापडली, घराची राख झाली होती. आता माझ्या गाडीची बॅटरी नवीकोरी आहे, तरी मी ती उतारावरच लावतो.