चौकशी खिडकीतल्या बाईंचा समुद्र

उज्जैन स्टेशनच्या चौकशी खिडकीत अंबिका पागनीस यांची जवळजवळ सगळी नोकरी गेली. गाडी किती लेट आहे, इंदूरचा डबा पुढे लागेल की मागे, महाकालला जायला ऑटो कुठून मिळेल, हे तर लोक विचारतच. पण लहान बाळासाठी गरम दूध कुठे मिळेल आणि दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर उभा केलेला मेहुणा आता का दिसत नाही, हेही त्यांनाच विचारत. सिंहस्थाच्या वर्षी तर घरी आल्यावर त्यांचा आवाज बसलेला असे. त्यांचे यजमान मधुकरराव मग हळद घातलेलं दूध पुढे ठेवत आणि स्वतःही गप्प बसत.

मधुकरराव शाळेत इतिहास शिकवायचे. पागनीस घराणं शिंदेशाहीत घोड्यांच्या पागेच्या हिशेबावर होतं म्हणे. घरात त्याचा पुरावा काही नाही, फक्त आडनाव. ही दोघं नानाखेड्याला आमच्याच कॉलनीत राहतात, त्यामुळे पुढचं सगळं मी दोघांच्याही तोंडून ऐकलं आहे. दोघांच्या सांगण्यात फरक फारसा नाही. मधुकरराव थोडं लांबवून सांगतात, एवढंच.

सुरुवात अंदमानला झाली. एका दिवाळीत ही दोघं तिकडे फिरायला गेली होती. तिथे स्कूबा करवणाऱ्यांच्या पाटीसमोर अंबिकाताई थांबल्या आणि आत जाऊन नाव देऊन आल्या. क्षिप्रेत पोहायला त्या लहानपणीच शिकल्या होत्या, पण हे वेगळंच होतं. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात नळी, शेजारी हात धरून नेणारा माणूस. अर्ध्या तासाने वर आल्या तेव्हा मधुकरराव किनाऱ्यावर टॉवेल धरून उभे होते. काय काय पाहिलं, असं त्यांनी विचारलं. मासे, प्रवाळ वगैरे काहीतरी ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती.

अंबिकाताई म्हणाल्या, "अहो, खाली कुणी काही विचारत नाही."

परत आल्यावर त्यांनी इंदूरला केदार नावाचा एक शिक्षक शोधून काढला. तो तिथल्या एका क्लबच्या तलावात स्कूबा शिकवायचा. सुट्टीच्या दिवशी सकाळी नानाखेड्याहून बस पकडायची, इंदूरला तलावात उतरायचं, दुपारी परत यायचं. मास्कमध्ये पाणी शिरलं तर ते पाण्याखालीच कसं काढायचं, जोडीदाराची हवा संपली तर आपली कशी द्यायची, कानावरचा दाब कसा मोकळा करायचा, हे सगळं त्या शिकल्या. शिक्षणाचा समुद्रातला भाग कर्नाटकात मुरुडेश्वरला जाऊन पूर्ण केला. सर्टिफिकेट आलं त्या दिवशी स्टेशनवरच्या सगळ्यांना कचोरी वाटली.

मग अंबिकाताईंची रिटायरमेंट आली, जानेवारीत. तेव्हा दोघांनी ठरवलं की एकदा मोठी सहल करायची. अंबिकाताईंना खरा, मोकळा समुद्र हवा होता. पण जायचं ते मार्चमध्येच, कारण पुण्याला त्यांच्या मुलीचं, मधुराचं, बाळंतपण जूनमध्ये होतं. एकदा नातवंड हातात आलं की आपण कुठेही हलणार नाही, हे अंबिकाताईंना पक्कं माहीत होतं.

टावर चौकात ओंकारचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. त्याने दोन जागा काढून दिल्या. एक भूमध्य समुद्रातलं माल्टा, दुसरं कॅरिबियन समुद्रातलं बोनेर नावाचं छोटं बेट. माल्ट्याला पाण्याखाली बुडालेली जहाजं आणि गुहा आहेत, पाणी काचेसारखं आहे आणि वर जमिनीवर जुने किल्ले, मंदिरं, संग्रहालयं. बोनेरला प्रवाळ किनाऱ्यालाच लागून आहे, होडीसुद्धा लागत नाही, चालत चालत पाण्यात शिरायचं. मात्र तिथवर पोचायला विमानं बदलत बदलत जावं लागतं. ओंकारने हेही प्रामाणिकपणे सांगितलं की मार्चमध्ये माल्ट्याचं पाणी थंडगार असतं, आणि बोनेरचं कोमट.

मधुकररावांनी माल्टा ऐकलं आणि त्यांचा चेहराच बदलला. नोकरीभर ते फळ्यावर भूमध्य समुद्राचा नकाशा काढत आले होते. फिनिशियन व्यापारी, रोमन जहाजं, माल्ट्याचा वेढा. पोरांना कंटाळा यायचा, यांना कधी आला नाही. घरी आल्यावर ते जेवणाच्या टेबलावर बोटाने किनारपट्टी काढून दाखवू लागले. अंबिकाताईंना मात्र प्रवाळ हवं होतं, रंग हवे होते आणि कोमट पाणी हवं होतं. दसरा झाला की कॉलनीत पहिला स्वेटर त्यांचाच निघतो.

आठवडाभर घरात वाद चालला. मधुकरराव म्हणायचे की मासे काय, सगळीकडे मासेच असतात. अंबिकाताई म्हणायच्या की दगडही सगळीकडे दगडच असतात, आणि इथे गावातच देवास गेटपाशी हवे तेवढे बघता येतील. मधुरा फोनवर दोघांचं ऐकून घ्यायची आणि कुणाचीच बाजू घ्यायची नाही.

मग एका दुपारी अंबिकाताई बाहेरून आल्या, तर मधुकरराव चष्मा कपाळावर चढवून ॲटलासवर इतके वाकले होते की त्यांना दार उघडल्याचंही कळलं नाही. माल्ट्याच्या बंदरावर बोट ठेवून ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. अंबिकाताईंनी चप्पल काढली आणि आवाज न करता आत गेल्या. त्यांनी मला नंतर सांगितलं, "हा माणूस आजवर कधी 'मला कुठे घेऊन चल' म्हणाला नव्हता. मीच कुठे कुठे ओढत नेलं."

त्यांनी मनात माल्टा पक्कं केलं. पण थंडीचं काय, हे बघायला हवं होतं. म्हणून कडाक्याच्या थंडीत त्या इंदूरला गेल्या आणि केदारला न सांगता, पाण्यात घालायच्या साध्या पातळ रबरी सूटमध्ये तलावात उतरल्या. मधुकरराव त्या दिवशी सहज सोबत आले होते. ते कडेला शाल पांघरून बसले होते. थोड्याच वेळात त्यांना बायकोचे ओठ जांभळे दिसले. त्यांनी हाक मारली, तर तिने पाण्यातूनच हाताने "सगळं ठीक" अशी खूण केली. तिचा हात इतका थरथरत होता की ती खूण नीट जमलीसुद्धा नाही. केदार धावत आला आणि तिला बाहेर काढून त्याने चांगलाच दम भरला. माल्ट्याला जाड सूट मिळतो, पण अंग एवढं लवकर गारठत असेल तर त्यातही मजा येणार नाही, असं तो स्पष्ट म्हणाला.

 परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत मधुकररावांना कळून चुकलं होतं की हा खटाटोप कुणासाठी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबिकाताईंनी ओंकारला फोन करून माल्टा पक्कं करायला सांगितलं. दुपारी मधुकरराव भाजी आणायला म्हणून निघाले आणि टावर चौकात जाऊन बोनेर पक्कं करायला सांगून आले. संध्याकाळी ओंकारचा फोन आला. अंबिकाताईंनी तो स्पीकरवर टाकला.

"काकू," ओंकार म्हणाला, "तुम्ही दोघं आधी घरी बोलून घ्या ना. मी थांबतो, काही जल्दी नाही."

मग दोघं बोलली. अंबिकाताईंचं म्हणणं, यांनी जन्मभर फळ्यावर जे काढलं ते एकदा डोळ्यांनी बघावं, मी पाण्यात उतरले नाही तरी चालेल. मधुकररावांनी चहाचा कप बाजूला ठेवला.

"तू खाली गारठणार आणि मी वर एकटा भिंती बघत फिरणार, ही कसली सहल? माल्टा कुठे पळून जात नाही. मला तू काय बघतेस ते बघायचंय. बोनेरला उथळ पाण्यातच सगळं आहे म्हणे. मी नुसता वर तरंगत राहीन."

 या माणसाने आजवर पाण्यात तोंड बुडवलं नव्हतं. अंघोळीला लोटासुद्धा खांद्यापासून खाली ओतायचा.

"तुम्हाला तरंगता येतं का?"

"नाही. शिकवील ना तो केदार."

आणि ते शिकले. थंडी ओसरल्यावर दोघं एकाच बसने इंदूरला जाऊ लागली. पहिल्या दिवशी मधुकररावांनी नाकाने श्वास घ्यायचा प्रयत्न केला आणि अर्धा तलाव प्यायले. पुढच्या खेपेला कठडा धरून चेहरा पाण्यात घातला. नंतर कठडा सुटला. चष्म्याशिवाय त्यांना तळ म्हणजे नुसता निळा धूर दिसत होता, म्हणून अंबिकाताईंनी त्यांच्या नंबरच्या काचांचा मास्क मुंबईहून मागवला. तो घालून खाली पाहिल्यावर त्यांनी वर येऊन तक्रार केली, की तळाच्या फरशा वाकड्या बसवल्या आहेत.

मार्चमध्ये ती दोघं बोनेरला पोचली. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड होते. जिथे दगड, तिथून पाण्यात उतरायचं. अंबिकाताईंबरोबर तिथली एक वाटाड्या बाई होती. मधुकरराव अंगात तरंगायचं जाकीट घालून त्यांच्या मागोमाग गेले. गुडघाभर पाण्यात ते थांबले, छातीभर पाण्यात पुन्हा थांबले. मग त्यांनी डोळे मिटून चेहरा पाण्यात घातला आणि डोळे उघडले.

खाली अंबिकाताई प्रवाळाच्या कडेने हळूहळू उतरत होत्या. आजूबाजूला निळ्या-हिरव्या माशांचा थवा होता. ते मासे चोचीसारख्या तोंडाने प्रवाळ कुरतडत होते आणि तो आवाज वरपर्यंत स्पष्ट येत होता, कुणीतरी शेजारी बसून पापड खावा तसा. अंबिकाताईंनी वर पाहिलं. पृष्ठभागावर हातपाय पसरून त्यांचे यजमान पडले होते, आणि त्यांनी दोन्ही हातांनी "सगळं ठीक" अशी खूण केली. एका हाताने करायची असते हे ते विसरले होते.

चौथ्या दिवशी पाण्याला सुट्टी होती. तिथल्या एका बाईच्या गाडीतून ती दोघं बेटाच्या दक्षिण टोकाला गेली. तिथे गुलाबी पाण्याची मिठागरं आहेत, त्यात गुलाबी पक्षी उभे असतात. जवळच किनाऱ्यावर दगडी खोपटांची रांग होती, पांढरी, इतकी बुटकी की आत जायला रांगावं लागेल. मिठावर राबणाऱ्या गुलामांना इथे झोपायला ठेवत, असं पाटीवर लिहिलं होतं. मधुकररावांनी पाटी दोनदा वाचली. मग गुडघे टेकून ते एका खोपट्यात शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. अंबिकाताई दाराशी उन्हात उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर मधुकररावांनी हातांना लागलेली माती झटकली नाही.

"फळ्यावर मी हे बेट कधी काढलंच नाही," ते म्हणाले. "माझा नकाशा फार अलीकडेच संपायचा."

गाडीत बसल्यावर त्यांनी चालवणाऱ्या बाईला त्या मिठाबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली, मीठ कुठे जायचं, कोण न्यायचं, माणसं कुठून आणली. इंग्रजी अडलं की अंबिकाताई मधे पडून सांगत होत्या. मुक्कामावर येईपर्यंत प्रश्न संपले नव्हते.

शेवटच्या दिवशी विमान दुपारचं होतं. खोल बुडी मारल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं, म्हणून अंबिकाताईंचा सिलिंडर आदल्याच दिवशी परत गेला होता. त्या सामान बांधत होत्या. मधुकरराव मात्र मास्क हातात घेऊन दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले की जरा जाऊन येतो.

अंबिकाताईंनी हातातली साडी पिशवीत कोंबली. एकट्याने पाण्यात जायचं नाही, हा नियम त्यांनी सांगितला, आणि आपला मास्क घेऊन त्याही निघाल्या. त्या सकाळी दोघं नुसतीच वर तरंगत राहिली, खांद्याला खांदा लावून, चेहरे पाण्यात. खालून एक कासव संथपणे गेलं. दोघांनी एकाच वेळी त्याच्याकडे बोट दाखवलं.